खर्रा, चहा आणि भूल: ग्रामीण रुग्णालयात नव्याने रुजू होणाऱ्या भूलतज्ज्ञांसाठी

पदव्युत्तर शिक्षण संपवून मी पूर्व विदर्भातील एका उपजिल्हा रुग्णालयात रुजू झालो, तेव्हा औषधांच्या मात्रा मला पाठ होत्या. रुग्णाला प्रश्न कसे विचारायचे, हे मात्र तेथेच शिकावे लागले. "काही खाल्ले आहे का?" या प्रश्नाला "नाही जी, सकाळपासून उपाशीच हाव" असे उत्तर मिळते आणि ते खोटेही नसते, कारण आपल्याकडे चहा हे खाणे समजले जात नाही. म्हणून चहा, दूध, बिस्कीट आणि खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) यांची नावे घेऊन वेगवेगळे विचारावे. दुधाचा चहा घेतला असेल, तर हलक्या आहाराप्रमाणे सहा तास थांबावे लागते. साध्या पाण्याला दोन तास पुरतात.

ही दोन तासांची सवलत आपण फार कमी वापरतो. "रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नको" असे सांगून मोकळे होणे सोपे असते, परंतु मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर असताना रात्रभर कोरडा राहिलेला माणूस एसटीने येतो, दुपारपर्यंत खाटेवर वाट पाहतो आणि मग पाठीतून भूल दिल्याबरोबर त्याचा रक्तदाब कोसळतो. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया या पट्ट्यात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण बरेच आढळतात आणि त्यांच्यासाठी शरीरातील पाणी कमी होणे, थंडी आणि ऑक्सिजनची कमतरता या तिन्ही गोष्टी घातक ठरतात. बाहेरच्या उन्हातून आलेल्या अशा रुग्णाला शस्त्रक्रियागृहातील थंडगार एसीखाली उघडे ठेवू नये, सलाईनही कोमट करून द्यावे. सिकलसेलची प्राथमिक सोल्युबिलिटी चाचणी सकारात्मक आली, तरी तो रुग्ण आहे की केवळ वाहक, हे त्या चाचणीवरून ठरत नाही; त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीचा अहवाल पाहावा.

आता खर्ऱ्याविषयी. सुपारी, तंबाखू आणि चुन्याच्या या मिश्रणाने, विशेषतः त्यातील सुपारीने, गालांच्या आतील त्वचा वर्षानुवर्षे कडक होत जाते आणि तोंड पुरेसे उघडेनासे होते. पहिल्याच वर्षी हर्नियाच्या एका तरुण रुग्णाला पाठीतून भूल द्यायची ठरली होती, म्हणून मी त्याचे तोंड तपासलेच नाही. भूल अर्धवट चढली. पूर्ण भूल द्यावी म्हणून त्याला तोंड उघडायला सांगितले, तर माझी दोन बोटेही आत जाईनात; अशा तोंडातून लॅरिंगोस्कोप (घसा पाहण्याचे उपकरण) घालून श्वासनलिकेत नळी टाकणे माझ्या आवाक्याबाहेरचे होते. शल्यचिकित्सकांनी जागेवर लिग्नोकेन हे बधिर करणारे औषध देऊन शस्त्रक्रिया पूर्ण केली, आणि मी वजनावरून मात्रेची कमाल मर्यादा पुन्हा पुन्हा मोजत उभा राहिलो. तेव्हापासून भूल कोणतीही ठरो, तीन बोटे मावतात का हे मी प्रत्येकाचे पाहतो.

कपाशीवर फवारणीचे दिवस असतील, तर फवारणी कधी केली हेही विचारावे. यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणीतून झालेल्या विषबाधा सर्वांना आठवतात. ऑर्गनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकाचा परिणाम शरीरात असेल, तर भुलीच्या वेळी स्नायू सैल करण्यासाठी दिलेल्या सक्सामेथोनियमने आलेली स्नायूंची शिथिलता नेहमीच्या काही मिनिटांत न उतरता बराच काळ टिकू शकते.

यंत्रसामग्रीची तपासणी दुसऱ्यावर सोपवू नये. राखीव ऑक्सिजन सिलिंडर उघडून दाब पाहावा, त्याची चावी सिलिंडरजवळच बांधून ठेवावी (ती ऐन वेळी हमखास सापडत नाही), अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) आणि सक्शन (तोंडातील स्राव ओढून घेणारे यंत्र) हाताशी असावे आणि वीज गेल्यावर मॉनिटरची बॅटरी किती वेळ चालते, हे एकदा घड्याळ लावून पाहावे. पाठीतून द्यायच्या औषधाचा अँप्यूल स्वतः वाचूनच भरावा. सारखी दिसणारी ट्रॅनेक्झामिक आम्लाची (रक्तस्राव कमी करण्याच्या औषधाची) अँप्यूल चुकून मणक्यात गेल्याने जगभरात मृत्यू झाले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची 2008 सालची तपासणी सूची भुलीपूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्ण बाहेर नेण्यापूर्वी अशी तीनदा थांबायला सांगते. आमच्याकडे ती बराच काळ शस्त्रक्रियेनंतर एकदमच भरली जात असे. परिचारिकेने मोठ्याने वाचायची आणि सर्वांनी तोंडी उत्तर द्यायचे, असे ठरवल्यावर ती खरोखर वापरात आली.

काही रुग्ण पुढे पाठवावेच लागतात, आणि त्यात कमीपणा मानू नये. मात्र 108 ची गाडी येईपर्यंत संदर्भपत्रावर "तोंड दीड बोट उघडते, पाठीतील भूल अपुरी" असे स्पष्ट लिहावे आणि नागपूरच्या सहकाऱ्याला तेच फोनवरूनही सांगावे.