लग्नसराईत घर आणि धंदा दोन्ही सांभाळायचे असतील तर या चुका टाळा

आषाढी एकादशी झाली की मंगल कार्यालयं ओस पडतात, ती थेट तुळशीच्या लग्नापर्यंत. केटरर, मंडपवाले, फोटोग्राफर, मेकअप आर्टिस्ट या सगळ्यांचे हे मंदीचे महिने. नेमक्या याच काळात पुढच्या सीझनच्या चौकशा येतात आणि हातात काम नसल्यामुळे प्रत्येक तारीख घ्यावीशी वाटते. फेब्रुवारीत घरी फक्त आंघोळीपुरतं येणाऱ्या मालकाच्या दगदगीचं मूळ ऑगस्टमध्ये धास्तीपोटी लिहून घेतलेल्या तारखांत सापडतं. पहाटे लवकर उठा, कामांची यादी करा, हे सल्ले वाईट नाहीत. पण तारखा घेतानाच गणित चुकलं असेल तर त्यांनी काही सावरत नाही.

लग्न एका दिवसाचं धरणं

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक. डायरीत रविवारच्या रकान्यात ‘मुहूर्त ११.४०’ एवढंच लिहिलेलं असतं. पुण्यातल्या एखाद्या डेकोरेशनवाल्याचा हा ‘रविवार’ नीट पाहा. शनिवारी संध्याकाळी सीमांतपूजन, म्हणजे दुपारपासून सामान आत जायला हवं. फुलं मार्केट यार्डातून आणायची, ती कोमेजू न देता रात्री लावायची. पोरं रात्रभर स्टेजवर. सकाळी गुरुजी यायच्या आत सगळं तयार. अक्षता पडल्या की जेवणं, फोटो, पाठवणी आणि लगेच कार्यालयाचा मॅनेजर म्हणतो, हॉल मोकळा करा, संध्याकाळी दुसरी पार्टी आहे. सोमवारी कापडं धुवायला द्यायची, भाड्याचं सामान मोजून परत करायचं, मजुरांचे पैसे, हिशेब. म्हणजे एका तारखेने तीन दिवस खाल्ले. तरीही सोमवारची दुसरी साईट घेतली जाते, कारण वहीत सोमवार मोकळा दिसतो.

उपाय साधा आहे. बुकिंग लिहिताना तयारीचा, लग्नाचा आणि आवराआवरीचा असे तीनही दिवस भरा. त्याच दिवसांत दुसरी साईट घ्यायची असेल तर एकच प्रश्न विचारा: तिथे माझ्याशिवाय निर्णय घेणारा माणूस आहे का? मजूर वाढवले म्हणून दुसरी साईट निभत नाही, जबाबदार माणूस असला तरच निभते. मेकअप आर्टिस्टला तर हे आणखी लागू होतं. नवरीच्या मेकअप-केसांना आणि साडीला दोन-तीन तास सहज जातात. एकाच सकाळी एक नवरी कोथरूडला आणि दुसरी वाघोलीला घेतली, तर दोघींनाही घाईचं काम मिळतं.

तारखा घेण्याआधी पुढच्या वर्षाचं पंचांग हातात असू द्या. गुरू-शुक्राचे अस्त, पौष, अधिक मास यांमुळे मुहूर्त सगळीकडे सारखे पसरत नाहीत. २०२६ चंच बघा. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. एरवी मुलांच्या सुट्ट्या बघून मे महिनाभर विखुरणारी लग्नं अशा वर्षी एप्रिलमध्ये आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात दाटीने येतात. ज्याला हे आधी दिसतं तो माणसं आधीच बांधून ठेवतो, दर त्यानुसार ठरवतो आणि अधिक मासात घरच्यांना घेऊन कोकणात जातो.

फोन चोवीस तास उघडा ठेवणं

रात्री साडेअकराला नवरीचा मेसेज येतो, ‘दादा, स्टेजचा रंग बदलूया का?’ सकाळी तिच्या आईचा फोन, तोच रंग ठेवा. दुपारी मुलाकडचे मामा तिसरंच सांगतात. लग्नघराची घालमेल खरी असते, त्यांच्यावर चिडून उपयोग नाही. पण तीन माणसांना तीन वेळा उत्तरं देण्यात तुमची संध्याकाळ जाते आणि शेवटी कोणाचं ऐकलं यावरून वादही होतो.

बुकिंगच्या दिवशीच दोन्ही घरांतून एकेक माणूस ठरवून घ्या आणि त्यांचा एक ग्रुप करा. ‘ग्रुपवर लिहिलं तेच पक्कं’ हा नियम पहिल्याच दिवशी हसतमुखाने सांगा. धंद्याचा नंबर वेगळा ठेवा. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये कामाची वेळ आणि त्याबाहेर आपोआप जाणारा मेसेज लावता येतो. मजकूर रोखठोक नको, आपुलकीचा हवा: ‘नमस्कार, आम्ही सकाळी ११ ते संध्याकाळी ७ या वेळेत उत्तर देतो. कार्याच्या आधीचे तीन दिवस फोन कधीही करा.’ शेवटचं वाक्य गाळू नका. लोकांना धीर त्यानेच येतो आणि मग एरवी रात्रीचे फोनही कमी होतात.

बदलांनाही मुदत हवी. ताटांचा आकडा किती दिवस आधी पक्का करायचा, फुलांचा प्रकार कधीपर्यंत बदलता येईल, हे कोटेशनवरच छापा.

शेवटचा हप्ता कार्यानंतर घेणं

पाठवणी झाली की घर देवदर्शनाला जातं, जोडपं फिरायला जातं आणि तुमची उरलेली रक्कम मागे पडते. ऐन विश्रांतीच्या महिन्यांत मग वसुली करत फिरावं लागतं. बुकिंगला काही भाग, पंधरा दिवस आधी मोठा भाग आणि बाकी कार्याच्या आदल्या दिवशी, असं ठेवा. फोटोग्राफरची अडचण निराळी. हजारो फोटोंतून अल्बमसाठी शे-दीडशे निवडायला घरच्यांना महिनोन्‌महिने लागतात आणि अल्बम दिल्यावरच पैसे ठरलेले असतील तर काम आणि रक्कम दोन्ही लटकतात. निवडीला मुदत घाला आणि शेवटचा हप्ता डिझाइन सुरू होण्याआधी घ्या.

आलेला ॲडव्हान्स घरखर्चाच्या खात्यात मिसळू नका. दिवाळीत तो खर्च झाला की जानेवारीत फुलंवाल्याला द्यायला पैसे नसतात, मग ती नड भागवायला नवी तारीख घ्यावी लागते. जीएसटी नोंदणी असेल तर सेवेच्या ॲडव्हान्सवर तो मिळतानाच कर लागू होतो, हेही हिशेबात धरा.

रात्रीची आवराआवर गृहीत धरणं

याबद्दल मला मनापासून सांगायचं आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार उघड्यावर लाउडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद ठेवायचा असतो. लॉनवरच्या रिसेप्शनला तिथेच कामाची सीमा आखून घ्या. पण होतं असं, की दहाला गाणी थांबतात, जेवणं बारापर्यंत चालतात आणि दोन वाजता, आदल्या रात्रीही न झोपलेला ड्रायव्हर भरलेला टेम्पो घेऊन हायवेला लागतो. सामान सकाळी न्यायची परवानगी लॉनवाल्याकडून बुकिंगच्या वेळीच लेखी घ्या. ती मिळत नसेल तर रात्रीची टीम वेगळी लावा आणि तिचे पैसे कोटेशनमध्ये धरा. पार्टीला जास्तीचे हजार-दोन हजार सांगायला संकोच करू नका.

घरच्या तारखा शेवटी लिहिणं

मुलीची दहावी, भावाच्या मुलाची मुंज, आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन. या तारखा पहिल्या बुकिंगच्या आधी त्याच वहीत त्याच पेनाने लिहा. चौकशी आली की ‘त्या दिवशी बुक आहे’ एवढंच सांगा. खुलासा द्यायची गरज नाही.

सीझन सुरू झालाय आणि आत्ताच दम लागलाय?

येत्या महिन्यातल्या तारखा काढा आणि सर्वांत अवघड जोडतारीख, म्हणजे एकाच दिवशी दोन कामं घेतलेली तारीख, शोधा. ती भरवशाच्या समव्यावसायिकाकडे सोपवता येईल का ते बघा, पण पार्टीला विचारून आणि भरपूर आधी. आठवडा उरल्यावर सांगितलं तर विश्वासघात वाटतो. साईटवरच्या माणसाच्या हातात ठरावीक रोख द्या, म्हणजे दोरी संपली, बल्ब गेला यासाठी फोन येणार नाही. सामानाची यादी डोक्यातून कागदावर उतरवा आणि टेम्पोत चिकटवा. आणि जेवा. हजार पानं वाढणारा केटरर स्वतः दुपारी चारला उभ्याउभ्या दोन घास खातो, हे प्रत्येक कार्यालयात दिसतं. पहिली पंगत बसायच्या आधी आचारी, वाढपी आणि मालक यांची पानं मांडायची वेळ कामाच्या वेळापत्रकातच लिहा: मुहूर्त ११.४० चा असेल तर साडेदहा.