ताब्याच्या अर्जाआधी मुलाचा आठवडा लिहून काढा: पुण्यातील विभक्त पालकांसाठी मार्गदर्शन

विभक्त होणारे आईवडील शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात येतात, तेव्हा त्यांच्या कागदपत्रांत एकमेकांवरील आरोप पानोपानी असतात आणि मुलाविषयी पुष्कळदा एकच ओळ असते: ताबा मिळावा. त्या ओळीच्या जागी मुलाचा सबंध आठवडा कागदावर उतरवावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण न्यायाधीशांना ज्या प्रश्नाचा निर्णय करायचा असतो तो मुलाच्या हिताचा असतो.

कायद्याची चौकट आधी समजून घ्यावी. 1890 चा पालक व पाल्य अधिनियम सर्व धर्मीयांना लागू आहे. मूल स्वतःची पसंती समजून सांगण्याइतके मोठे असेल, तर कलम 17 नुसार न्यायालय ती विचारात घेऊ शकते. या अधिनियमाखालचा अर्ज मूल जेथे सामान्यतः राहते तेथील न्यायालयात करावा लागतो, त्यामुळे आईबरोबर सोलापुरात राहून तेथेच शिकणाऱ्या मुलासाठी पुण्यात अर्ज करणे म्हणजे अधिकारक्षेत्राच्या वादात वेळ घालवणे होय. हिंदू कुटुंबांना लागू असलेल्या 1956 च्या अज्ञानत्व (म्हणजे वयाने सज्ञान नसणे) व पालकत्व अधिनियमात नैसर्गिक पालक म्हणून आधी पित्याचा आणि त्याच्यानंतर मातेचा उल्लेख येतो. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा मात्र सामान्यतः आईकडे असावा असे तेथेच म्हटले आहे. गीता हरिहरन खटल्यात 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘नंतर’ या शब्दाचा अर्थ पित्याच्या मृत्यूपुरता न ठेवता ‘त्याच्या अनुपस्थितीत’ असा व्यापक केला. घटस्फोटाचा अर्ज आधीच चालू असेल, तर हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम 26 खाली त्याच प्रकरणात मुलाच्या ताब्याविषयी अंतरिम, म्हणजे अंतिम निकालापर्यंतचा, आदेश मागता येतो.

आता आठवड्याकडे वळू. चार आठवडे रोज नोंद ठेवावी: सकाळी मुलाला कोण उठवते, डबा कोण भरते, रिक्षाकाका न आल्यास शाळेत कोण सोडते, पालकसभेला कोण जाते, ताप आल्यावर रजा कोण घेते. ही नोंद प्रामाणिक असावी, स्वतःच्या उणिवा झाकणारी नसावी, कारण उलटतपासणीत एक खोटी ओळ सापडली की बाकीच्या खऱ्या ओळींचेही वजन जाते. त्यानंतर दोन घरांचा आराखडा आखावा. समजा, एक घर कोथरूडला आणि दुसरे खराडीला आहे. कामाच्या दिवशी संध्याकाळी दोन तासांच्या भेटीसाठी मुलाला शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेणे कागदावर उदार दिसते, पण मुलाचा अभ्यास आणि झोप रहदारीत जाते. त्यापेक्षा शुक्रवारी शाळेतूनच न्यावे आणि सोमवारी शाळेतच सोडावे. अशाने आईवडिलांना दारात समोरासमोर यावे लागत नाही आणि मुलाला त्यांचे भांडण पाहावे लागत नाही. दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी तारखेनिशी वाटून घ्यावी, आजोळचे दिवस वेगळे लिहावेत आणि गणेशोत्सवाचा विचार तर पुणेकरांनी अवश्य करावा: विसर्जनाच्या दिवशी मध्यवस्तीतील रस्ते बंद असतात, म्हणून त्या दिवशी मूल या घरातून त्या घरात न्यायचे ठरवूच नये. ‘सोयीनुसार भेट’ हे शब्द कोठेही येऊ देऊ नयेत, कारण पुढचे बहुतेक वाद त्याच दोन शब्दांतून निघतात.

शाळाबदल, शस्त्रक्रिया, पासपोर्ट आणि परदेशप्रवास यांचे निर्णय कोणी व कसे घ्यायचे हेही आराखड्यात यावे. मुलांच्या परदेशी अपहरणाविषयीच्या 1980 च्या हेग कराराचा भारत पक्षकार नाही, त्यामुळे प्रवासाची अट सैल ठेवल्यास मूल परत आणणे फार कठीण होते. यशिता साहू खटल्यात 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ कॉलद्वारे संपर्काचेही महत्त्व सांगितले आहे, म्हणून त्याचा वार आणि वेळ लिहावी. पोटगीसाठी उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र दोघांनाही द्यावे लागते. पोटगी थकली म्हणून भेट अडवणे आणि भेट मिळाली नाही म्हणून पोटगी रोखणे या दोन्ही गोष्टी मुलावर अन्याय करणाऱ्या आहेत, असे मी ठामपणे म्हणेन.

हा आराखडा कौटुंबिक न्यायालयातील विवाह समुपदेशकांपुढे ठेवावा. सहमती झाली तर त्यातील प्रत्येक तपशील संमतीच्या अटींत, म्हणजे दोघांनी मान्य करून न्यायालयात द्यायच्या लेखी अटींत, उतरवावा. न झाल्यास अंतरिम अर्जाला जोडावा. स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. जेथे मारहाण किंवा छळ झाला आहे तेथे समेटाच्या दडपणाखाली कोणत्याही वाटणीस संमती देऊ नये. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार अधिनियमाच्या कलम 21 खाली तात्पुरता ताबा मागता येतो आणि भेट मुलाला घातक वाटल्यास दंडाधिकारी ती नाकारू शकतात. ताब्याचा आदेश परिस्थिती बदलल्यास बदलून घेता येतो, म्हणून मूल मोठे होईल तसा आराखडाही नव्याने लिहावा.

या नोंदींचा आणखी एक उपयोग आहे. विधी आयोगाने मे 2015 मधील 257 व्या अहवालात आई आणि वडील दोघांना समान पालकत्व देण्याची आणि संयुक्त ताब्याची तरतूद करण्याची शिफारस केली. 2022 मध्ये संसदेच्या स्थायी समितीनेही समान पालकत्वाची बाजू घेतली. ज्यांना ही सुधारणा हवी आहे त्यांनी आपल्या खासदारांना आणि केंद्रीय विधी मंत्रालयाला लेखी निवेदन द्यावे. त्यात अडचण नेमक्या कोणत्या कलमामुळे आली, त्यामुळे मुलाचे किती दिवस, किती तारखा गेल्या आणि त्या कलमात कोणते शब्द हवेत, हे दोन पानांत सांगावे. निवेदनातून मुलाचे नाव, शाळा आणि पत्ता काढून टाकावा आणि प्रकरण न्यायप्रविष्ट असल्यास पाठवण्यापूर्वी मसुदा आपल्या वकिलांना दाखवावा.