घरी वेल्डिंग सुरू करायचंय? मशीनच्या आधी घरातला प्लग बघा

घरच्या घरी वेल्डिंग शिकायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो "किती अँपचं मशीन घेऊ", आणि सोलापुरात कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात हे विचारलं की उत्तर ठरलेलं, "दोनशे घ्या की, सगळं होतंय त्यात". मी म्हणतो हा प्रश्न दुसऱ्या टोकाकडनं सुरू करा. आधी काय जोडायचंय ते ठरवा, त्यावरनं रॉड ठरतो, रॉडवरनं करंट, करंटवरनं घरातला प्लग आणि वायर, आणि मशीन सगळ्यात शेवटी. असं गेलात तर मशीनवर कमी पैसे जातात आणि उरलेले काच, हातमोजे, ग्राइंडर यावर घालता येतात, आणि नवीन माणसाला खरी गरज त्याचीच असते.

आता घरी आपण करणार काय? कूलरचा स्टँड, गेटची निखळलेली बिजागरी, खिडकीचं ग्रिल, कुंड्यांची घोडी, गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडला एखादा आधार. हे सगळं चौकोनी पाइप, पट्टी आणि छोट्या अँगलमध्ये बसतं. १६ गेजचा पाइप म्हणजे साधारण १.६ मिमी जाडी, १४ गेज म्हणजे २ मिमी, अँगल आणि पट्टी ३ ते ५ मिमी. एवढ्याला २.५ मिमीचा ६०१३ रॉड (हा रॉडच्या प्रकाराचा नंबर) पुरतो आणि तो ७० ते ९० अँपवर मस्त चालतो. पातळ १८ गेज असेल तर २ मिमीचा रॉड घ्या आणि करंट ४० ते ६० वर आणा. रॉडच्या पाकिटावर करंटची रेंज छापलेली असते, ती वाचायची सवय लावा, आणि पाकिटावर आयएस ८१४, म्हणजे रॉडचं भारतीय मानक, लिहिलंय का तेही बघून घ्या. कुणी ७०१८ रॉड चांगला म्हणून सांगेल, चांगलाच आहे, पण तो भट्टीत तापवून कोरडा ठेवावा लागतो आणि नवीन हाताला पेटायला त्रास देतो, सध्या नको.

म्हणजे तुमची गरज निघाली ९० अँपची. खोक्यावर २०० लिहिलेलं असो नाहीतर २५०, तुम्ही वापरणार ९०.

आता प्लगकडे या, आणि इथं जरा थांबा. ८० अँपवर वेल्डिंग करताना साधं इन्व्हर्टर मशीन (इलेक्ट्रॉनिक कार्डावर चालणारं हलकं वेल्डिंग मशीन, घरच्या बॅटरीचा इन्व्हर्टर नव्हे) भिंतीतनं साधारण १३-१४ अँपिअर ओढतं. १२० अँपवर गेलात, म्हणजे ३.१५ मिमीचा रॉड लावलात, तर हाच आकडा २० च्या वर जातो. टीव्ही-मोबाइलचा प्लग असतो ६ अँपचा, त्यावर मशीन लावायचंच नाही. गिझरचा किंवा एसीचा मोठा १६ अँपचा पॉइंट असेल तर २.५ मिमीच्या रॉडचं काम होतं, ३.१५ मिमीचा रॉड सलग चालवायला तो पॉइंट पुरत नाही. सगळ्यात चांगलं म्हणजे वायरमन बोलवून बोर्डापासून अंगणापर्यंत ४ स्क्वेअर मिमीची तांब्याची वेगळी लाइन ओढून घ्या, तिला वेगळा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, सी टाइपचा, कारण मशीन चालू करताना झटक्यात करंट ओढला जातो आणि साधा बी टाइपचा एमसीबी उगाच पडत राहतो. शिवाय ३० मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाइन तोडून शॉकपासून वाचवणारा स्विच, घरात नसेल तर याच निमित्तानं बसवून घ्या. लाइटबिल काढून त्यावर "मंजूर भार" किती लिहिलाय तेही बघा, कितीतरी जुन्या घरांत तो फार कमी असतो, लागला तर महावितरणकडे अर्ज करून वाढवून घेता येतो. आणि घरगुती मीटरवर लोकांची कामं घेऊन पैसे कमवायला लागलात तर तो धंदा धरला जातो, वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दंड होऊ शकतो. स्वतःच्या घराचं गेट जोडायला काही अडचण नाही.

अर्थिंगबद्दल लोकांचा मोठा गोंधळ असतो. मशीनबरोबर जो चिमटा येतो त्याला सगळे अर्थिंगच म्हणतात, पण तो करंट परत नेणारा रस्ता आहे, तुम्हाला शॉकपासून वाचवणारी अर्थिंग वेगळी, ती थ्री-पिनच्या जाड पिनेतनं येते. ती पिन कापून टू-पिन करून मशीन चालवणारे लई बघितलेत, कृपा करून तुम्ही करू नका. आपल्याकडे उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा पार कोरडा पडतो, त्यात अधूनमधून पाणी घालत जा. पाणी चार-पाच दिवसाआड येणाऱ्या गावात हे सांगायला जड जातं पण एक बादली पुरते.

आता मशीन. जुनं ट्रान्सफॉर्मरचं मशीन, ते जड, तेलातलं किंवा चाकावरचं, वर्कशॉपला चांगलं, मार खातं, वर्षानुवर्षं चालतं, पण बहुतेक दोन फेजवर चालतं आणि घरात सिंगल फेज असते, तेव्हा तो विषय संपला. मिग, म्हणजे रॉडऐवजी आपोआप पुढं येणाऱ्या वायरनं जोडणारं मशीन, घ्यावं का असं बरेच जण विचारतात, गॅसशिवायच्या वायरचं छोटं मिग मिळतं आता आणि शिकायला सोपंही आहे, पण मशीन महाग, वायर महाग, आणि वायर अडकली की नवीन माणूस तिथंच बसतो. रॉडचं वेल्डिंग हाताला बसलं की बाकीचं पटकन जमतं. सगळं एकात, मिग-टिग-आर्क (टिग ही गॅसवरची वेगळी पद्धत, आर्क म्हणजे आपलं रॉडचं वेल्डिंग) असं लिहिलेलं मशीन कमी किमतीत दिसलं तर हात आवरा, त्या किमतीत तिन्ही गोष्टी धड मिळत नाहीत.

तर घ्यायचं ते आयजीबीटी (आतल्या इलेक्ट्रॉनिक स्विचचा प्रकार) इन्व्हर्टर आर्क मशीन, सिंगल फेज, पाच-सहा किलोचं, उचलून गच्चीवर नेता येतं. साधारण पाच ते नऊ हजारात मिळतं, भाव दुकानागणिक बदलतो. बघायचं काय? हॉट स्टार्ट आणि अँटी स्टिक असावं, त्यानं रॉड पेटायला मदत होते आणि चिकटला तर करंट आपोआप पडतो. आणि ड्यूटी सायकल बघा, ही सगळ्यात महत्त्वाची. ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांतली सहा मिनिटं वेल्डिंग आणि चार मिनिटं विश्रांती, आणि हा आकडा ४० डिग्री तापमान धरून दिलेला असतो. आता तुम्हीच सांगा, मे महिन्यात सोलापुरात दुपारी पत्र्याच्या शेडखाली किती असतंय? ४० तर सावलीत होतं. त्यामुळे लेबलवर लिहिलंय तेवढं मशीन आपल्याकडे उन्हाळ्यात चालणार नाही, पिवळा दिवा लागून बंद पडेल. बंद पडलं की बटण दाबून पूर्ण बंद करू नका, पंखा चालू राहू द्या, तो आतला माल थंड करतो. आणि काम सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी करा, मशीनलाही बरं आणि तुम्हालाही. तसं घरच्या कामात २.५ मिमीचा एक रॉड मिनिटभरात संपतो, मग ठोकणं, घासणं, मापं घेणं यातच वेळ जातो, त्यामुळे ९० अँपवर प्रामाणिकपणे चालणारं मशीन घराला भरपूर झालं.

दुकानात गेलात की खोकं बंद घेऊन येऊ नका. २.५ मिमीचे चार-पाच रॉड आणि एक पट्टीचा तुकडा बरोबर न्या, तिथंच लावायला सांगा आणि ९० अँपवर लागोपाठ दोन-तीन रॉड जाळा, स्वतःला येत नसेल तर ओळखीच्या वेल्डरला घेऊन जा. आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाला पेटलेला जाळ, मधेच तुटतोय का, पंखा जोरात फिरतोय का, होल्डरच्या केबलला हात लावून ती गरम झालीय का बघा. केबल हा मशीनवाल्यांचा पैसे वाचवायचा नेहमीचा मार्ग. टोकाची एक बारीक तार उपसून घ्या आणि ब्लेडनं खरवडा, वरचा लाल रंग गेला आणि खाली पांढरं चकचकीत दिसलं तर ते ॲल्युमिनियम आहे, वर नुसतं तांब्याचं पाणी दिलंय. अशी केबल तापते, टोकाला ढिली होते, तिथं काळं पडतं. मशीन बाकी चांगलं असेल तर घ्या, पण १६ स्क्वेअर मिमीची खरी तांब्याची केबल वेगळी घेऊन होल्डर आणि चिमटा बदलून टाका. आणि दुकानदाराला सरळ विचारा, कार्ड, म्हणजे आतला सर्किट बोर्ड, जळालं तर दुरुस्ती इथं होणार का पुण्याला पाठवायचं? जो इथंच करून देतो त्याच्याकडून दोन-चारशे जास्त देऊन घेतलेलं परवडतं. सेकंडहँड इन्व्हर्टर मात्र नको, आतलं कार्ड किती वेळा टाके घालून आलंय ते बाहेरनं कळत नाही.

काचेवर कंजूषी करू नका. हातात धरायची काच शंभर-दोनशेला मिळते, पण नवीन माणसाचा एक हात त्यात अडकतो आणि मग तो काच बाजूला करून "जरा बघतो" करतो, तिथंच डोळे लागतात. डोळे लागलेलं लगेच कळत नाही, काही तासांनी, बहुतेक रात्री झोपताना टोचायला लागतं, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. बटाट्याच्या चकत्या, गुलाबपाणी हे उपाय ठेवा बाजूला, डोळ्याच्या डॉक्टरकडे जा. ऑटोवालं हेल्मेट, जे आर्क पेटला की आपोआप काळं होतं, ते हजार ते अडीच हजारात येतं आणि मी तर म्हणेन मशीन एक पायरी खालचं घ्या पण हे घ्या. आपल्या करंटला १० किंवा ११ नंबरची काळोखी लावायची. शेजारी उभं राहून बघणाऱ्या पोरांना आधी घरात पाठवा, "काय करूलालास बे" म्हणत गल्लीतले मित्र येऊन उभे राहतात त्यांनाही तोंड फिरवायला सांगा, त्यांच्या डोळ्यांवर काच नसते.

बाकी चामड्याचे लांब हातमोजे, जाड सुती शर्ट पूर्ण बाह्यांचा, बूट. टेरिकॉटचे कपडे नकोत, ठिणगी पडली की वितळून कातडीला चिकटतात. गळ्यात टॉवेल लोंबकळत ठेवू नका, त्याच्या लवेला ठिणगी लगेच पकडते. यावरनं आठवलं, सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांच्या घरात किंवा शेजारी माग आहेत त्यांनी हे नीट वाचा. मागाच्या खोलीत कापसाची बारीक लव कोपऱ्यात, तुळईवर, वायरींवर साठलेली असते, आणि ठिणगी सात-आठ फूट सहज उडते, कधी त्याहूनही लांब. तिथं वेल्डिंग करूच नका, वस्तू बाहेर काढून रस्त्याकडेला करा, पाण्याची बादली शेजारी ठेवा, आणि काम संपल्यावर अर्धा तास तिथंच बसा, लव आतल्या आत धुमसत राहते. हीच लव मशीनचा पंखाही आत ओढतो, तेव्हा महिन्यातनं एकदा प्लग काढून ब्लोअर मारून घ्या.

जस्ताचा पत्रा, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप यांचा पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. त्यावर दूध आणि गूळ हा सगळ्यांचा सल्ला, त्यानं काही थांबत नाही, जोडायची जागा ग्राइंडरनं घासून जस्त काढा आणि धूर तोंडाकडे न येता बाजूला वाहून जाईल असे उभे राहा. पेट्रोलची टाकी, डिझेलचा किंवा तेलाचा रिकामा बॅरल, कितीही धुतलेला असू दे, हात लावू नका.

ग्राइंडर चार इंची, दोन ते तीन हजारात चांगला येतो, वरचं गार्ड कधीच काढायचं नाही आणि त्यावर लाकडाचं पातं तर अजिबात नाही. चिपिंग हॅमर, तारेचा ब्रश, दोन सी-क्लॅम्प, एक गुण्या, आणि साधा पारदर्शक चष्मा, कारण जोडावर जमलेली गरम खपली ठोकताना ती थेट डोळ्याकडेच उडते.

सराव पाइपवर सुरू करू नका, भोकं पडतील आणि मन खट्टू होईल. भंगारवाल्याकडनं ५-६ मिमीची जाड पट्टी किलोवर आणा, गंज घासून काढा, आणि नुसत्या सरळ रेघा मारा. रॉड आणि लोखंड यात अंतर रॉडच्या जाडीएवढंच, बरोबर असलं की भजी तळताना येतो तसा एकसारखा आवाज येतो, फटफट झालं की अंतर वाढलंय. नजर उजेडावर नको, मागं जमणाऱ्या वितळलेल्या तळ्यावर ठेवा, तेच सांगतं हात किती हलवायचा. रेघ जमली की दोन पट्ट्या काटकोनात उभ्या करून एकाच बाजूनं जोडा, व्हाइसमध्ये धरा आणि हातोडीनं जोडाच्या बाजूला पाडा. तुटलं तर आत बघा, काळी खपली अडकलेली किंवा कोपरा न वितळलेला दिसेल, करंट दहानं वाढवा आणि परत करा. नीट पायापासून शिकायचं असेल तर आयटीआयमध्ये वेल्डरचा ट्रेड एक वर्षाचा आहे.

रॉड पावसाळ्यात ओल धरतात, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, ओले झाले तर पाकिटावर सांगितलंय तसे वाळवून वापरा, रॉडवरचं आवरण भुसभुशीत होऊन गळायला लागलं तर टाकून द्या.

एक गोष्ट मात्र लवकर हातात घेऊ नका, ती म्हणजे गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा स्टँड. आपल्याकडे पाणी रोज येत नाही म्हणून प्रत्येक घरावर टाकी, आणि मशीन आलं की घरातनं पहिली मागणी तीच होते. हजार लिटर म्हणजे एक टन वजन, आणि ते जिन्याच्या डोक्यावर उभं असतं. तो स्टँड अजून तरी फॅब्रिकेशनवाल्याकडूनच करून घ्या, त्याला विचारून चार टाके तुम्ही मारा, आणि तो शेवटचा जोड कसा घेतो ते जवळनं बघा.