झुलू युद्धावरचे दोन पिक्चर कसे बघायचे

१९६४ चा 'झुलू' बऱ्याच जणांनी बघितलेला असतो, पण नुसता तेवढाच बघू नका, आधी १९७९ चा 'झुलू डॉन' लावा. तो नंतर आला असला तरी गोष्ट आधीची आहे, २२ जानेवारी १८७९ ला दक्षिण आफ्रिकेत इसांडलवानाला झुलूंनी, म्हणजे तिथल्या स्थानिक लोकांच्या सैन्याने, ब्रिटिशांची छावणी पार उद्ध्वस्त केली आणि त्याच दुपारी रोर्क्स ड्रिफ्ट या जवळच्या छोट्या ब्रिटिश ठाण्यावर हल्ला सुरू झाला, 'झुलू' आहे तो त्या हल्ल्यावर.

सुरू करण्याआधी युद्धाचं कारण नीट समजून घ्या कारण 'झुलू'मध्ये ते जवळपास नाहीच. दक्षिण आफ्रिकेतला ब्रिटिश हाय कमिशनर बार्टल फ्रिअरने डिसेंबर १८७८ मध्ये झुलूंचा राजा सेट्सवायोला अल्टिमेटम दिला, सैन्याची सगळी व्यवस्थाच मोडून टाक म्हणून, कुठला राजा ऐकेल हे? हा फ्रिअर म्हणजे आपल्या मुंबईचा आधीचा गव्हर्नर, फोर्टची तटबंदी त्याच्याच काळात पाडली.

आता बघताना काय लक्षात ठेवायचं, तर रोर्क्स ड्रिफ्टवर लढलेला ब्रिटिश सैनिक हेन्री हूक 'झुलू'मध्ये दारुडा कामचुकार दाखवलाय, खरा हूक चांगला शिस्तीचा सैनिक होता. शेवटी झुलू योद्धे ब्रिटिशांना सलाम करून जातात तेही घडलेलं नाही, उलट लढाईनंतर जखमी झुलूंना मारून टाकलं होतं आणि ते पिक्चरमधून गायब आहे, मला हे फार खटकतं.

'झुलू'मधला सेट्सवायोचा रोल मात्र नीट बघा, दक्षिण आफ्रिकेचे झुलू नेते मंगोसुथु बुथेलेझी यांनी केलाय आणि ते त्याच राजाचे वंशज.