मजूर वस्तीत विडी सोडवण्याचा गट कसा चालवावा

रावेर-यावल पट्ट्यातील केळी कापणाऱ्या टोळ्यांमध्ये विडी सोडवण्याचे काम करायचे असेल, तर ग्रामसभेतील सामूहिक शपथ आणि कर्करोगाची भित्तिचित्रे आधी बाजूला ठेवावीत. विडीने छाती कशी भरते, हे ओढणाऱ्याला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. एकाच टोळीतले आठ-दहा जण घ्यावेत, बैठक त्यांच्याच ओट्यावर रात्रीच्या जेवणानंतर भरवावी आणि सोडण्याचा दिवस त्यांनाच ठरवू द्यावा. होळी, अखाजी (अक्षय्य तृतीया) आणि लग्नसराई तेवढी टाळावी. नंदुरबारकडील ऊसतोड कुटुंबांत गट पावसाळ्यातच सुरू करावा, कारण दिवाळीनंतर वस्ती रिकामी होते.

खरी कसोटी पहिल्या तीन दिवसांची असते. शेवटच्या विडीनंतर काही तासांतच निकोटिनची ओढ सुरू होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती शिगेला पोहोचते. माझ्या पहिल्या गटाला मी मनोनिग्रहावर व्याख्यान दिले आणि तिसऱ्या दिवशी गट फुटला. कारण बागेत गेल्यावर कळले: मुकादम ‘विडी ओढून घ्या’ म्हणतो तेव्हाच टोळी बसते, आणि जो ओढत नाही त्याच्या डोक्यावर तेवढ्या वेळातही केळीचा घड असतो. त्याच्यासाठी विडी सोडणे म्हणजे विसावा सोडणे होते. म्हणून ठरलेल्या दिवसाआधी मुकादमाला गाठावे आणि विसावा सर्वांना सारखाच मिळेल, हे त्याच्याकडून टोळीदेखत वदवून घ्यावे. एकांतात दिलेला शब्द गाडी भरण्याच्या घाईत टिकत नाही. मुकादमच विडी ओढत असेल, तर त्यालाच प्रथम गटात घ्यावे.

हे केले नाही, तर माणूस चुना-तंबाखूकडे वळतो, कारण ती एकदा दाढेखाली ठेवली की काम थांबवावे लागत नाही. अशा माणसाला विडीमुक्त म्हणून मोजणारे अहवाल मी पाहिले आहेत. मी त्याला सुटलेला मानत नाही.

ओढ आवरण्यासाठी निकोटिनचे २ मिलिग्रॅमचे च्युइंगगम औषधाच्या दुकानात मिळते. हृदयविकार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. ते सावकाश चावून तोंडात झिणझिण्या आल्या की गालाशी दाबून ठेवायचे असते. सतत चघळल्यास उचकी आणि जळजळ होते, आणि पंधरा मिनिटे आधी किंवा सोबत चहा घेतल्यास निकोटिन नीट शोषले जात नाही.

१८००-११-२३५६ हा निःशुल्क समुपदेशन क्रमांक प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये स्वतः भरून द्यावा. जो घसरेल त्याला गटातून काढू नये. त्याच रात्री त्याच्याबरोबर बसून नवा दिवस ठरवावा.