जुनी फोर-बाय-फोर घेतलीय? वायरिंगला हात लावायच्या आधीची तयारी

जुनी जिप्सी, आधीच्या पिढीची थार, नाहीतर एखादी एमएम ५४० किंवा मेजर सेकंडहँड घेतली की पहिल्या महिन्याभरातच लाइटीचा त्रास चालू होतो. सकाळी सेल्फ नुसता टकटक करतो, इंडिकेटर दिला की मागचा ब्रेक लाइट पण मिचमिचतो, हॉर्न कधी वाजतो कधी नाही. मग गाडी वायरमनकडे जाते, तो दोन वायरी कापतो, दोन जोडतो, तात्पुरतं चालू होतं आणि पंधरा दिवसांनी परत तेच. माझं म्हणणं एवढंच आहे की एकही वायर कापायच्या आधी मोजून बघा, आणि मोजायला बसायच्या आधी तयारी करा. कारण या गाड्यांमध्ये कंपनीचं वायरिंग बिचारं बऱ्यापैकी टिकलेलं असतं, घोळ बहुतेक दोनच जागी सापडतो, एक अर्थिंगमध्ये आणि दुसरा आधीच्या मालकांनी हौसेनं लावलेल्या सामानात.

पहिलं काम कागदाचं. आपल्या मॉडेलचा, आपल्या वर्षाचा आणि आपल्याच इंजिनचा वायरिंग डायग्राम मिळवा. "जिप्सीचा आहे ना, मग चालेल" असं नाही चालत, कार्ब्युरेटरवाली जिप्सी आणि २००० नंतरची एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनवाली जिप्सी यांचं इंजिनकडचं वायरिंग वेगळं आहे, थारमध्ये पण डीआय आणि सीआरडीई या दोन डिझेल इंजिनांचं वेगळं. मिळाला की मोठ्या कागदावर प्रिंट काढा, मोबाइलवर बघत बसलं की ग्रीसच्या हातानं स्क्रीन झूम करता करता अर्धा दिवस जातो. फ्यूज बॉक्सचं झाकण असेल तर त्यावरच्या यादीचा फोटो, झाकण हरवलेलं असेल तर कुठल्या खणात काय आहे ते स्वतः शोधून लिहून काढा.

मग ज्याच्याकडून गाडी घेतली त्याला फोन करा आणि न लाजता विचारा की दादा, काय काय एक्स्ट्रा लावलं होतं, विंच (अडकलेली गाडी दोरानं ओढायची मोटर) होती का, अलार्म होता का, डायनामो (म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर) कधी केला, गाडी पाण्यात गेली होती का. मुंबईत हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, त्याच्या आधीच्या गाड्या अजूनही विकायला येतात, आणि त्यानंतरही सखल भागात पाणी भरतंच आहे. तोंडी उत्तरावर राहू नका. सीटचे बोल्ट, सीटबेल्टची खालची टोकं, कार्पेटखालचा पत्रा, डॅशच्या आत फ्यूज बॉक्सच्या मागे बोट फिरवा, बारीक गाळ किंवा एका उंचीवर गंजाची रेघ दिसली तर समजायचं, आणि मग त्या रेघेच्या खालचा प्रत्येक कपलर (वायरी जोडायचा प्लग) उघडून बघायचा असं आधीच धरून चालायचं.

त्याच वहीत लक्षणं लिहा. कधी होतं, थंड इंजिनवर का गरम झाल्यावर, पावसात का, खड्ड्यात आपटल्यावर का, हेडलाइट चालू असताना का. "कधीकधी होतं" एवढंच लिहिलं तर काही उपयोग नाही, "ब्लोअर तीनवर आणि हेडलाइट चालू असताना सिग्नलला उभं राहिलं की होतं" असं लिहिलं की निम्मं काम झालं.

सामान आणायला ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला जा. डिजिटल मल्टिमीटर घ्या, त्यात डीसी १० अँपिअरची वेगळी सोय हवीच. क्लँप मीटर घेणार असाल तर दुकानदाराला "डीसी करंट मोजतो ना" असं दोनदा विचारा, कारण स्वस्तातले बरेच नुसते एसी मोजतात आणि गाडीवर त्यांचा काही उपयोग नाही. १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प घ्या, पण ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) असलेल्या गाडीत सेन्सरच्या वायरींना तो लावायचा नाही, बल्ब करंट खेचतो आणि ईसीयूला ते झेपत नाही, तिथे फक्त मीटर. बाकी ब्लेड फ्यूज (१० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा), दोन चांगले रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), कॉन्टॅक्ट क्लीनर, वायर ब्रश, बारीक पॉलिश पेपर, रिंग थिंबल (वायरीच्या टोकाला चेपून बसवायची धातूची रिंग), क्रिंपिंगचा चांगला पक्कड, श्रिंक स्लीव्ह, नळीदार कव्हर, झिप टाय, मास्किंग टेप आणि पेन. क्रिंपिंगच्या पक्कडीवर पैसे वाचवू नका, साध्या पक्कडीनं चेपलेलं थिंबल ऑफरोडला सैल होतंच. रिले, होल्डर, स्विच ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत मिळतील, जुना ओरिजिनल कपलर किंवा फ्यूज बॉक्स हवा असेल तर कुर्ल्याला सीएसटी रोडला चक्कर मारा, जाताना तुटका तुकडा सोबत न्या.

जागा सपाट हवी, हँडब्रेक, गिअर न्यूट्रल, चाकाखाली लाकडाचा ठोकळा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये करणार असाल तर सेक्रेटरींना सांगून ठेवा, वर पंपवाल्याला त्या दिवशी गाड्या धुवायचं पाणी आपल्या बाजूला सोडू नको म्हणा. हातातली अंगठी, कडं, घड्याळ, गळ्यातली चेन काढून घरी ठेवा, बॅटरीच्या प्लसला आणि बॉडीला एकाच वेळी अंगठी टेकली तर ती क्षणात लाल होते आणि बोट भाजतं. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, जवळ सिगरेट नाही. छोटा फायर एक्स्टिंग्विशर हाताशी. बॅटरी सोडवताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी.

आता मोजायचा क्रम. गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी सेल्फ मारायच्या आधी बॅटरीचं व्होल्टेज बघा. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ किंवा खाली म्हणजे आधी चार्ज करा आणि मगच पुढचं काही. मग दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगून मीटर बघा, ९.६ च्या खाली पडत असेल तर चार्ज केलेल्या बॅटरीवर पण शंका घ्यायची. बॅटरीचा क्लँप घट्ट आहे का तेही बघा, ऑफरोडच्या हादऱ्यांनी सैल बॅटरीच्या आतल्या प्लेटा लवकर जातात. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा.

यापुढचं अर्थिंगचं, आणि इथे घाई करू नका. करंट प्लसनं बल्बपर्यंत जातो तसाच त्याला बॉडीतून, चेसिसमधून मायनसला परत यावं लागतं, चर्चगेटहून लोकल नुसत्या विरारला जात राहिल्या आणि एकही परत आली नाही तर संध्याकाळी काय होईल, तसंच. जुन्या ऑफरोडरमध्ये बॅटरी ते बॉडी, इंजिन ते चेसिस आणि बॉडी ते चेसिस असे जोड असतात, त्यावर चिखल, रंग, गंज सगळं बसलेलं असतं, आणि डेंटिंग-पेंटिंग झालेल्या गाडीत तर अर्थच्या बोल्टखाली नवा चकचकीत रंग मारलेला सापडतो. नुसती कंटिन्यूइटी (तार जोडलेली असली की मीटर बीप देतो ती सोय) बघून "बीप आला, अर्थ ठीक आहे" म्हणू नका. दहा तारांतली एक तार शिल्लक असली तरी मीटर बीप देतो, पण सेल्फचा करंट त्या एका तारेतून जाणार नाही. म्हणून लोड असताना मोजायचं. मीटर डीसी व्होल्टवर, काळी प्रोब बॅटरीच्या मायनस खुंटीवर (केबलच्या टर्मिनलवर नाही, बॅटरीच्या खुंटीवरच), लाल प्रोब इंजिन ब्लॉकच्या उघड्या लोखंडावर, आणि दुसऱ्याला चारेक सेकंद सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक, ०.५ किंवा वर दिसलं तर अर्थची पट्टी किंवा तिचा जोड गेला. मग हेडलाइट, ब्लोअर, वायपर चालू करून लाल प्रोब बॉडीवर, मग हेडलाइटच्या अर्थवर, मग मागच्या लाइटीच्या होल्डरवर. प्लसकडे पण हेच, बॅटरीच्या प्लस खुंटीपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत, सेल्फ मारताना ०.५ च्या आत हवं. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद होणं, एका लाइटीबरोबर भलतीच लाइट हलकी पेटणं, ही सगळी मागच्या अर्थचीच लक्षणं, बल्ब बदलून काही होत नाही. जोड उघडा, पत्रा चमकेपर्यंत घासा, नवं थिंबल, घट्ट आवळा आणि मग वरून ग्रीस.

चार्जिंग तपासणं लगेच होतं. इंजिन चालू, थोडा रेस, बॅटरीवर १३.८ ते १४.५ च्या मध्ये हवं, सगळ्या लाइटी लावल्यावर पण १३.५ च्या खाली फारसं जाऊ नये. चावी ऑन केल्यावर डॅशवरचा बॅटरीचा दिवा लागायला हवा, तो बल्बच उडालेला असेल तर काही डायनामो चार्जिंग सुरूच करत नाहीत, आणि लोक अख्खा डायनामो बदलून बसतात. चिखलात फिरलेल्या गाडीत डायनामोचे कार्बन आणि बेअरिंग लवकर झिजतात, तेही बघून घ्या. आणि चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून "बघ, बंद पडतंय का" ही जुनी युक्ती कोणी करायला लागला तर त्याचा हात धरा, व्होल्टेज उसळतं आणि डायोड किंवा ईसीयू जाऊ शकतो.

आपल्याकडे बहुतेकांची जीप सोमवार ते शुक्रवार उभीच असते, त्यामुळे ड्रेन टेस्ट, म्हणजे बंद गाडीत किती करंट गळतोय ते बघणं, करायचीच. चावी काढा, दारं बंद, मायनस केबल सोडवून खुंटी आणि केबलच्या मध्ये मीटर लावा, लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात. थोडा वेळ थांबा. ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक. अर्धा अँपिअर जात असेल तर दिवसाला १२ अँपिअर-अवर गेले, म्हणजे ६० ची बॅटरी पाच दिवसांत आडवी, आणि शनिवारी पहाटे माळशेजला निघायचं असतं. एकेक फ्यूज काढत जा, ज्यावर आकडा पडेल तिथे चोर आहे, बहुतेक वेळा स्टिरिओ, अलार्म, जीपीएस किंवा यूएसबी चार्जर. कुठलाच फ्यूज काढून फरक पडला नाही तर डायनामोची वायर आणि बॅटरीवरून थेट घेतलेल्या वायरी बघा. मीटर असा लावलेला असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडेल, आणि काम झालं की लाल प्रोब परत व्होल्टच्या भोकात घाला.

मग हौसेचं सामान. बॅटरीच्या प्लसवरून निघणारी प्रत्येक वायर हातानं धरून शेवटपर्यंत जा, प्रत्येकीवर मास्किंग टेपचं लेबल लावा. सेल्फची मूळ जाड केबल आणि कंपनीचं वायरिंग सोडून, नंतर लावलेल्या ज्या वायरीला बॅटरीजवळ फ्यूज नाही ती आजच काढा, मी याबाबतीत एकदम कडक आहे, कारण फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो आणि फ्यूजशिवायची वायर चेसिसला घासली की थेट आग. १०० वॉटचे दोन दिवे म्हणजे साधारण १७ अँपिअर, ते डॅशवरच्या साध्या स्विचमधून गेले तर स्विच वितळणारच, तिथे रिले हवा, त्याच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरीचा फ्यूजवाला प्लस, ८७ दिव्याला, ८५ आणि ८६ कॉइलचे. पिळून टेप मारलेले जोड दिसतील तिथे कापून क्रिंप करा, मुंबईच्या गर्मीत टेपचा गोंद वितळून सगळं उघडं पडतं. निम्म्या गाड्यांचं दुखणं हे सामान काढल्यावरच थांबतं, म्हणून आधी काढा, मग मूळ वायरिंगवर संशय घ्या.

फ्यूज लावला की उडतोय? मोठा फ्यूज घालू नका, सिगरेटच्या पाकिटाची चंदी तर अजिबात नाही. फ्यूजच्या जागी २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब जोडा. शॉर्ट असेपर्यंत तो फुल पेटेल, मग एकेक कपलर सोडवत, वायरिंग हलवत जा, ज्या क्षणी तो मंद होईल किंवा विझेल तिथेच शॉर्ट आहे. फायरवॉलचं रबर जिथे निघालंय ती जागा, स्टिअरिंगखाली, टेलगेटच्या बिजागरीजवळ आणि चेसिसच्या कडांवर आधी बघा.

वर्सोवा, वरळी, कुलाब्याकडे गाडी उभी असेल तर खाऱ्या हवेचं पण धरा. कपलरमधली पिन हिरवी झाली की ती हिरवळ कधीकधी वायरीच्या आत बोटभर शिरलेली असते, वरून क्लीनर मारून भागत नाही, सोलून चकचकीत तांबं लागेपर्यंत कापायचं. पावसाळ्याआधी, म्हणजे मे अखेरपर्यंत, हे उरकून घ्या, आणि प्रेशरच्या पाण्यानं फ्यूज बॉक्स, डायनामो धुऊ देऊ नका. ज्यांच्या गाडीला १५ वर्षं होत आलीत त्यांचं आरटीओतलं री-पासिंग पण आहे, तिथे लाइट, इंडिकेटर, हॉर्न, वायपर सगळं चालू लागतं.

सगळं झाल्यावर घाटात जायच्या आधी एक रात्र शहरातच फिरवा, हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळं एकत्र चालू ठेवून, आणि घरी येऊन परत व्होल्टेज आणि अर्थचे तेच आकडे वहीत लिहा. गाडीत कायम एक डबा राहू दे, त्यात मीटर, फ्यूज, एक रिले, दोन मीटर वायर, थिंबल, टेप, दहाचा पाना, हेडटॉर्च आणि जाड जंपर केबल. मीटरच्या आतला ९ व्होल्टचा सेल पण एक जास्तीचा ठेवा, आणि बदललेल्या सर्किटची चिठ्ठी फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतून चिकटवा.