अमेरिकेतली राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक फॉलो कशी करायची
आधी प्रायमरी बघा, नोव्हेंबरच्या मुख्य मतदानाची वाट बघत बसू नका. प्रत्येक राज्यात पक्षाचे मतदार आपला उमेदवार निवडतात, काही ठिकाणी कॉकस असतो म्हणजे लोक चक्क सभेला जमून ठरवतात, यातून उमेदवाराला डेलिगेट म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात मत देणारे प्रतिनिधी मिळतात आणि मग उन्हाळ्यात त्या अधिवेशनात नाव पक्कं होतं. आपल्याकडच्यासारखं तिकीट हायकमांड वाटत नाही हो!

निकालाच्या रात्री देशभरातली एकूण मतं मोजत बसू नका, ५३८ पैकी २७० इलेक्टोरल मतं (म्हणजे राज्यांना वाटून दिलेली, राष्ट्राध्यक्ष ठरवणारी मतं) कोण गाठतंय ते बघा. २०१६ ला हिलरी क्लिंटन यांना देशभरात ट्रम्प यांच्यापेक्षा २८ लाखांहून जास्त मतं मिळाली तरी ट्रम्प जिंकले, कारण बहुतेक राज्यांत जो पुढे त्यालाच तिथली सगळी इलेक्टोरल मतं. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं तेवढी वेगळी.